पितृपक्षातलं तिकीट

"मावशी, युरोपचं स्वस्तातलं तिकीट काढून दे ना." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता निवृत्त झाल्यावरही महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कुणी मागून "मावशी" अशी हाक मारली की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "कधी निघायचंय?" त्या बिचाऱ्याला फक्त शेजारची खुर्ची रिकामी आहे का एवढंच विचारायचं असतं.

त्या वाक्यातला महत्त्वाचा शब्द एकच, तो म्हणजे ‘स्वस्त’. युरोप काय, जागच्या जागी असतो. पण स्वस्त म्हणजे किती, हे आपल्या माणसाला स्वतःला माहीत नसतं, ते त्याच्या मित्रावर ठरतं. मित्राला पॅरिस ज्या भावात पडलं त्याहून थोडं कमी, म्हणजे स्वस्त. आणि मित्र खरा आकडा कधीच सांगत नाही. त्यामुळे मी आयुष्यभर लोकांच्या मित्रांच्या थापांशी स्पर्धा करत आले, आणि बऱ्याचदा जिंकलेही.

माझं तिकिटांचं दुकान शिकागोजवळ शॉमबर्गमध्ये गोल्फ रोडला होतं. एका बाजूला भारतीय किराणा, दुसऱ्या बाजूला भुवया कोरून देणारं पार्लर. किराण्यातला हिंगाचा वास भिंतीतून माझ्याकडे यायचा. गिऱ्हाईक खुर्चीत बसताच त्याला घर आठवायचं, आणि इंडियाचं तिकीट विकायला तो वास फार उपयोगी पडायचा. युरोपचं विकायला मात्र त्याचा काही उपयोग नसे. तिथे अक्कल लागायची.

बाहेरच्या माणसाला वाटतं, विमानाचं भाडं एसटीसारखं असतं. जितकं लांब जाल तितके पैसे जास्त. तसं मुळीच नसतं. एकाच रांगेत बसून एकच बेचव पास्ता खाणाऱ्या सहा माणसांनी सहा वेगवेगळी भाडी भरलेली असतात. कंपनी सीटा जणू कपाटाच्या खणांत घालून ठेवते. सगळ्यात खालच्या खणात थोड्याशा स्वस्त सीटा. त्या संपल्या की तो खण बंद होतो आणि वरचा उघडतो. पण विमान रिकामं जाईल अशी धास्ती वाटली, की बंद केलेला खालचा खण गुपचूप पुन्हा उघडतात. तो कधी उघडतो यावर नजर ठेवणं, हा आमचा धंदा. मंगळवारी पहाटे उठून तिकीट काढलं की स्वस्त पडतं, ही निव्वळ अफवा आहे. तुम्ही तिकीट कुठल्या वारी काढता याला कुणी विचारत नाही, तुम्ही निघता कधी याला मात्र फार महत्त्व आहे.

म्हणूनच माझ्या भिंतीवर दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी लावलेली असत. एक अमेरिकन, शाळेच्या सुट्ट्या लाल पेनाने रंगवलेलं. दुसरं मराठी, तिथी-वारांचं. जून ते ऑगस्ट अटलांटिकवरून जाणारं विमान म्हणजे लग्नाच्या हंगामातलं मंगल कार्यालय, घासाघीस करायची सोयच नाही. मग सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे होतो, शाळा मार्गाला लागतात, गोऱ्यांची गर्दी ओसरते आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात खालचा खण उघडतो. हवा सुरेख, हॉटेलं रिकामी, म्युझियमच्या रांगा आखूड. आणि बहुतेक वर्षी नेमका तेव्हाच शेजारच्या कॅलेंडरवर पितृपक्ष बसलेला असतो!

आपली माणसं रोबोटकडून शस्त्रक्रिया करवून घेतील, पण पितृपंधरवड्यात नवं काही सुरू करणार नाहीत. तरुण मुलं "मी नाही मानत यार" म्हणतात, आणि रविवारी आईचा फोन आला की मानतात. त्यामुळे सप्टेंबरचं तिकीट काढण्यापूर्वी मी दोन गोष्टी तपासायचे, गिऱ्हाइकाचा पासपोर्ट आणि त्याच्या आईचं मत.

पुढे पुढे लोक फोनवरच तिकिटं काढायला लागले. विमान कंपन्यांनी आमचं कमिशन त्याआधीच बंद केलं होतं. दुकान सोडलं आणि मी घराच्या बेसमेंटमध्ये टेबल मांडलं. तेव्हा माझ्याकडे यायचे ते दोन प्रकारचे लोक. एक, ज्यांना संगणक जमत नाही ते, आणि दुसरे, ज्यांना तो जरा जास्तच जमतो ते.

दुसऱ्या प्रकारातला निनाद. मूळ पुण्याचा, इथे एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरवाला. त्याला बायकोसह फ्रँकफर्टला जायचं होतं. त्याने शोध लावला की फ्रँकफर्टपेक्षा फ्रँकफर्टमार्गे प्रागचं तिकीट स्वस्त आहे. हे खरं असतं. कंपन्यांना प्रागची गिऱ्हाइकं ओढायची असतात. निनादने प्रागचं जाऊन-येऊन तिकीट काढलं, फ्रँकफर्टला उतरला, प्रागच्या विमानाला रामराम ठोकला आणि आठवडाभर स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन फिरला. परतीच्या दिवशी काउंटरवरची बाई म्हणाली, तुमचं तिकीटच नाही. मग मला फोन.

"मावशी, वाट लागली यार. सिस्टिमने आमचं रिटर्न कॅन्सल केलंय!"

"तू प्रागला गेला नाहीस ना?"

"तुला कसं कळलं?"

कळायचं काय त्यात. तिकीट ही माळ असते. मधला एक मणी तोडला की पुढचे सगळे घरंगळतात. मी त्या दोघांना तिसऱ्याच शहरातून, वाकडी वाट करून घरी आणलं. परतल्यावर निनादची बायको पेढे घेऊन आली. "हा आता साधं दूधसुद्धा दुकानदाराला विचारून घेतो," म्हणाली.

पण मला सांगायचंय ते मोकाशी काका-काकूंबद्दल.

मोकाशी काका म्हणजे इथल्या पहिल्या पिढीतले. पुलांचे इंजिनीअर. काकू इस्पितळाच्या लॅबमध्ये होत्या. दोघंही केव्हाच निवृत्त झालेले, मुलगा तिकडे सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला. माझ्या दुकानाची पाटी रंगवून वाळायच्या आतलं हे गिऱ्हाईक. त्यांची इंडियाची सगळी तिकिटं मीच काढली. काका कंजूष नव्हेत, पण भाड्याचा आकडा ऐकला की ते डोळे मिटून घेत. मग एक डोळा उघडून विचारत, "यातलं काय काय कमी होईल?"

एका जुलैत काकू एकट्याच आल्या. काठी टेकत बेसमेंटच्या पायऱ्या उतरल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "सुनंदा, मला अ‍ॅमस्टरडॅमचं तिकीट हवंय."

"तिथून पुढे मुंबई?"

"तेच तर. पुढे कुठे नाही. अ‍ॅमस्टरडॅमच."

मग त्या बोलत सुटल्या. इंडियाला जाता-येता त्यांनी अ‍ॅमस्टरडॅमला कितीतरी वेळा विमान बदललं होतं. कडेवर मुलगा घेऊन, सासऱ्यांचं शेवटचं दुखणं ऐकून रडत, आईची साडी घेऊन परत येताना. दर वेळी सुट्टी मोजून मापून मिळालेली, ती सगळी इंडियाची. "तिथल्या खिडकीतून लांबवर एक रस्ता दिसतो गं. छोट्या छोट्या गाड्या जात असतात. मी दर वेळी ह्यांना म्हणायचे, एकदा बाहेर जाऊ या. हे म्हणायचे, पुढच्या वर्षी. आम्ही म्हातारे झालो, सुनंदा, पण ह्यांचं पुढचं वर्ष काही म्हातारं होत नाही."

उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डाव्याचं ऑक्टोबरच्या शेवटी ठरलेलं. डॉक्टर म्हणाले होते, सप्टेंबरमध्ये बऱ्यापैकी चालता येईल, त्यानंतर डाव्याने परत उभं राहीपर्यंत वर्ष जाईल. आणि वर्षानंतरचं या वयात कोण कुणाला लिहून देतो? काकूंना वाईट वाटत नव्हतं, राग आला होता. मला तो राग फार आवडला.

मी कामाला लागले. काकांनी घरी लॅपटॉपवर एक तिकीट आधीच शोधून ठेवलं होतं. भलतंच स्वस्त. दोन ठिकाणी विमान बदलायचं आणि एक आख्खी रात्र कुठल्याशा बेटावरच्या विमानतळावर बाकावर काढायची. मी काकांना फोन केला.

"काका, काकूंना विमानतळाच्या बाहेर जायचंय. तुम्ही त्यांना आणखी दोन विमानतळ दाखवताय."

"अगं, पण प्राइस बघ ना!"

"गुडघ्याची प्राइस बघा."



मला शिकागोहून थेट विमान हवं होतं, आणि थेट विमानातला खालचा खण. मी तारखा पुढे सरकवत गेले. ऑगस्ट, नाव नको. सप्टेंबरचा पहिला आठवडा, तरी नको. उत्तरार्धातल्या एका बुधवारी भाडं असं घसरलं की मी चष्मा पुसून परत पाहिलं. जायचं बुधवारी, यायचं पुढच्या आठवड्यात, दोन्ही थेट. मग सवयीने शेजारच्या कॅलेंडरकडे नजर गेली. भाद्रपद वद्य षष्ठी. पितृपक्षाच्या ऐन मध्यात.

काकूंना फोन केला. भाडं सांगितलं, तिथीही सांगितली. त्या म्हणाल्या, "काढ."

"काकांना विचारू या ना?"

"आधी काढ, मग विचारू. एक दिवसात फुकट कॅन्सल करता येतं ना? तूच सांगितलंयस. उद्यापर्यंत मी बघते."

अमेरिकेतला हा नियम मी हजारो लोकांना सांगितला असेन. त्याचा नवऱ्याला वळवायला असा उपयोग करणाऱ्या काकू पहिल्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं हजर. काका घुश्शात. "सुनंदा, तुला तरी कळायला हवं होतं. आमच्या घरात पितृपंधरवड्यात कुणी उंबरा ओलांडून प्रवासाला निघालेलं नाही. पंधरवड्याच्या तिसऱ्या दिवशी नानांची, माझ्या वडिलांची, तिथी असते. ती झाल्यावर लगेच बॅगा घेऊन फिरायला निघायचं? कॅन्सल कर. पुढच्या वर्षी मे महिन्यात बघू."

काकूंनी माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला, घोटभर पाणी प्यायल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "अहो, सासूबाई प्रस्थान ठेवायच्या."

नव्या पिढीला हे सांगायला हवं. प्रवासाचा दिवस वाईट असेल, तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी वस्तू घराबाहेर काढून शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास त्या चांगल्या दिवशीच सुरू झाला, असं धरायचं. मग वाईट दिवशी घरातून निघालात, वाटेत ती वस्तू उचललीत, की दोष नाही. आपले पूर्वज किती व्यवहारी होते! नियम केला आणि त्याच्या शेजारीच पळवाटही बांधून ठेवली.

काकांच्या आईचंच उदाहरण निघालं. तरी इंजिनीअर माणूस, त्यांनी देवळातल्या गुरुजींना तिथूनच फोन लावला. स्पीकरवर. गुरुजी म्हणाले, प्रस्थान सात दिवस चालतं. अनंत चतुर्दशीला ठेवा, षष्ठीला निघा. "आणि परतीचं? परतीचा दिवसही पंधरवड्यातच येतोय," काकांनी विचारलं. गुरुजी हसले. "घरी परत यायला मुहूर्त लागत नाही हो, काका." काकांनी फोन ठेवला, डोळे मिटले, एक उघडला आणि मला म्हणाले, "राहू दे तिकीट."

अनंत चतुर्दशीला मंडळाचा गणपती विसर्जन करून काका थेट माझ्याकडे आले. हातात छोटीशी निळी बॅग, चेनला कुलूप. मी ती जिन्याखालच्या कपाटात ठेवली. नानांची तिथी आली, गेली. काकूंनी त्या गुडघ्यावर उभं राहून खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी, सगळा स्वयंपाक केला, असं मला मागून कळलं.

निघायच्या दिवशी दुपारी मी तळहातावर घालायला दही-साखर घेऊन दारात उभी. ठरल्याप्रमाणे ते माझ्याकडे थांबणार, बॅग उचलणार आणि विमानतळावर जाणार. वेळ झाली, कुणी नाही. थोडी वाट पाहिली, तरी नाही. दह्याला पाणी सुटायला लागलं. तेवढ्यात काकांचा फोन.

"सुनंदा, आम्ही विमानतळावर, ओहेअरला आलोय."

"अहो काका, बॅग माझ्याकडे आहे! प्रस्थान!"

"तेच ते," काकांचा आवाज अगदी खोल गेला होता. "पासपोर्ट त्यात आहेत."

मला आधी कळलंच नाही. मग काकांनी सांगितलं. कुणीतरी त्यांना म्हणालं होतं की प्रस्थान खरं लागायचं असेल, तर ज्या वस्तूवाचून प्रवास होणारच नाही अशी वस्तू ठेवावी. काकांनी इंजिनीअरच्या काटेकोरपणे विचार केला. तांदूळ, सुपारी यांच्यावाचून प्रवास होतो. पासपोर्टवाचून होत नाही. म्हणून तांदूळ-सुपारीबरोबर दोन्ही पासपोर्टही बॅगेत. आणि आज, आईवडिलांना त्रास नको म्हणून मुलाने बॉथेलहून परस्पर टॅक्सी बोलावून दिली. पत्ता थेट विमानतळाचा. तो वाटभर फोनवर, "आई, व्हीलचेअर सांगितलीस ना? बाबा, औषधं?" या नादात माझं घर कधी मागे पडलं, दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मशीनने पासपोर्ट मागितला तेव्हा दोघांचेही डोळे पांढरे झाले.

मी दही तसंच ठेवलं, बॅग गाडीत टाकली आणि हायवेला लागले. एवढी वर्षं तिकिटं विकली, पण मी गिऱ्हाइकाला पोचवायला विमानतळावर कधी गेले नव्हते. आमचं काम कागदावर संपायचं. त्या दिवशी मात्र प्रत्येक लाल सिग्नलला मी स्टिअरिंगशी भांडत होते. त्या तिकिटात बदल करून मिळणार नव्हता, खालच्या खणातलं ना ते! हे विमान चुकलं की नवं तिकीट, नवं भाडं, काकांचे मिटलेले डोळे आणि मग ते पुढचं वर्ष.

दोघं आत शिरल्या शिरल्याच दिसली. काकू व्हीलचेअरमध्ये बसलेल्या, मांडीवर पर्स. मागे खुर्ची ढकलणारा उंच, आफ्रिकन वळणाचा तरुण घड्याळाकडे बघत उभा. काका येरझाऱ्या घालत होते. मी बॅग दिली. काकांनी कुलूप उघडलं, तांदळाच्या पुडीखालून पासपोर्ट काढले. काउंटरवरच्या मुलीने पटापट शिक्के मारल्यासारखं काम केलं, बॅगा आत ढकलल्या आणि म्हणाली, जा, पळा, अजून वेळ आहे.

मी सुटकेचा श्वास टाकला. आणि काका म्हणाले, "नको."

"काय नको?"

"नको जाऊ या. हा अपशकुन आहे. पासपोर्टच राहावेत? पंधरवड्यात निघालो, त्याचं हे फळ. पितरांच्या मनात नाहीये. सुनंदा, बॅगा परत मागवता येतील का बघ. गुडघा झाला की पुढच्या वर्षी..."

मी काही बोलणार तेवढ्यात काकूंनी हात वर केला. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, तेव्हाही त्यांनी चढवला नाही.

"अहो, पितर म्हणजे नानाच ना? नाना मला ओळखतात. ते गेल्यापासून दर वर्षी मी त्यांचं पान वाढतेय. शेवटच्या आजारपणात त्यांना भेटायला धावत गेले, तेव्हासुद्धा त्या अ‍ॅमस्टरडॅमच्या खिडकीशी बसून होते. ते मला अडवणार नाहीत. तुम्ही अडवताय."

आजूबाजूला लोकांच्या बॅगांची चाकं खडखडत होती.

काकूंनी त्यांच्या हातातून स्वतःचा पासपोर्ट काढून घेतला. "तुम्ही या पुढच्या वर्षी. मी निघाले."

मागचा तरुण मराठीतलं काही समजला असेल असं नाही, पण काय चाललंय ते त्याला बरोबर कळलं होतं. तो वाकून म्हणाला, "रेडी, मॅम?"

"यस. रेडी," काकू म्हणाल्या, आणि खुर्ची चालायला लागली.

मला वाटलं, त्या वळून बघतील. त्यांनी बघितलं नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही येत होतं. काका तांदळाची पुडी हातात धरून उभे होते. खुर्ची गर्दीत दिसेनाशी व्हायला लागली.

"सुनंदा," ते म्हणाले, "ही खरंच चालली."

"हो."

"तिची बीपीची गोळी माझ्या खिशात आहे."

"मग द्यायला जा की, काका!"

त्यांनी तांदूळ आणि सुपारी माझ्या हातात कोंबली, निळी बॅग बगलेत मारली आणि "अगं, थांब, अगं!" करत निघाले. पुलांचा म्हातारा इंजिनीअर त्या फरशीवरून असा धावला की सुरक्षावाल्याने मान वर करून पाहिलं.

मी घरी आले. ते तांदूळ टाकून द्यायचे नाहीत म्हणून रात्री खिचडीत घातले. पुढचे काही दिवस काही कळलं नाही. मीही फोन केला नाही. गिऱ्हाईक प्रवासात असताना फोन शांत असणं, हीच आमच्या धंद्यात खुशाली समजायची.

या धंद्यात मला खंत एकच आहे. लोक आता तिकीट काढताना कुणाशी बोलत नाहीत. फोनच्या पडद्यावर बोट ठेवलं की तिकीट हाती. सोयीचं आहे, मीही तसंच काढते. पण तो पडदा कुणाला "का निघालात?" असं विचारत नाही, आणि स्वस्त तिकीट कुठलं ते त्यावाचून ठरत नाही. काकांनी शोधलेलं तिकीट माझ्या तिकिटापेक्षा स्वस्त होतं. काकूंना मात्र ते फार महाग पडलं असतं.

त्यांच्या परतीच्या आदल्या दिवशी सकाळी फोन वाजला. काकांचा.

"काका, काय झालं? काकूंचा गुडघा?"

"तिचा गुडघा मजेत आहे. माझेच पाय गेलेत. सकाळी निघतो ते अंधार पडेस्तोवर हिंडवते. सुनंदा, मी काय म्हणतो, परतीचं तिकीट थोडं पुढे ढकलता येईल का? उद्याचा दिवस काही बरा वाटत नाही. पितृपक्ष आहे ना. अमावास्या होऊन जाऊ दे, मग निघतो."

"पण काका, गुरुजी म्हणाले होते ना, घरी परतायला मुहूर्त लागत नाही म्हणून?"

"गुरुजींना काय कळतंय!"

मी हसू दाबलं आणि धंद्याच्या आवाजात सांगितलं, "काका, हे सगळ्यात खालच्या खणातलं तिकीट आहे. ते बदलत नाही. परतीचं नवंच घ्यावं लागेल, एकेरी. आणि एकेरी भाडं फार असतं."

काकांचे डोळे मिटले असणार, हे मला इथे बसून दिसत होतं. आता एक डोळा उघडेल आणि यातलं काय काय कमी होईल असा प्रश्न येईल, म्हणून मी कागद-पेन पुढे ओढलं. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, "अहो, चला ना लवकर, बोट सुटेल!"

"आलो, आलो," काका म्हणाले. मग मला म्हणाले, "सुनंदा, तू नवं काढून टाक. मला घाई आहे."

आकडा न विचारताच त्यांनी फोन ठेवला.